आधी पेटीमागचा हिशेब, मग गूगल

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

घरच्या बागेतला रत्नागिरी हापूस तू स्वतःच्या वेबसाइटवरून थेट ग्राहकांना विकतेस, याचा मला मनापासून आनंद आहे. तू पाठवलेल्या तक्त्यात वेबसाइटला भेट देणाऱ्यांचे महिनावार आकडे आहेत, परंतु त्यातून तुझ्या हाती काय उरले, हे त्यात कुठेच दिसत नाही. पाने गूगलवर वर कशी येतील, हा तुझा प्रश्न रास्तच आहे. पण त्यासाठी किती कष्ट आणि पैसे घालावेत, हे हिशेबावाचून ठरणार नाही.

घरचा आंबा फुकटचा धरू नकोस. तोच माल वाशीच्या घाऊक बाजारात पाठवला असता, तर वाहतूक, हमाली वगैरे खर्च वजा जाता पट्टीची, म्हणजे अडत्याच्या हिशेबाच्या चिठ्ठीची, जी रक्कम हाती आली असती, ती वेबसाइटच्या हिशेबात खरेदी म्हणून मांड. समज, पाच डझनांची पेटी तू 3,500 रुपयांना विकतेस आणि वाशीला तिचे निव्वळ 1,900 रुपये आले असते. खोका व पेंढा 150, घरपोच वाहतूक 450, साका निघालेल्या (आतून गर खराब झालेल्या) किंवा वाटेत दबलेल्या फळांच्या भरपाईपोटी 200, आणि पेमेंट गेटवेचे दोन टक्के व त्यावरचा 18 टक्के जीएसटी मिळून सुमारे 83 रुपये वजा केले, की पेटीमागे 717 रुपये उरतात. हीच ऑर्डर जाहिरातीतून आली आणि तिच्यामागे जाहिरातीचे 600 रुपये गेले, तर उरतात अवघे 117. डोमेन, होस्टिंग, छायाचित्रे आणि देखभाल यांवर वर्षाला 24,000 रुपये जात असतील, तर तो खर्च शोधातून आपसूक आलेल्या 34 पेट्यांत भरून निघतो. सगळ्या पेट्या जाहिरातीतून आल्या, तर 206 पेट्या विकाव्या लागतात. लेख लिहून घेण्यासाठी कोणाला पैसे दिलेस, तर तेही या वार्षिक खर्चात धर.

हे आकडे खरे ठरायचे, तर प्रत्येक ऑर्डर कुठून आली, याची नोंद हवी. अॅनालिटिक्सला, म्हणजे वेबसाइटवरचा वावर मोजणाऱ्या साधनाला, वेबसाइटवर पूर्ण झालेली खरेदी दिसते, परंतु पान वाचून फोनवर किंवा व्हॉट्सअॅपवर पेटी सांगणारा ग्राहक त्याच्या हिशेबातून निसटतो. म्हणून ऑर्डरच्या वहीत ‘आमची माहिती कुठून मिळाली?’ असा एक रकाना आखून घे आणि तो प्रत्येक वेळी भर.

आता शोधाविषयी. सर्च कन्सोल हे वेबसाइट शोधात कशी दिसते ते दाखवणारे गूगलचे साधन उघडून मुख्य पानांचे पत्ते एकेक करून तपास आणि ती पाने गूगलच्या इंडेक्समध्ये, म्हणजे शोधासाठी नोंदलेल्या पानांच्या सूचीत, आहेत ना, हे आधी पाहा. वेबसाइट बांधताना लावलेला ‘नोइंडेक्स’, म्हणजे पान शोधात घेऊ नये असा गूगलला दिलेला संकेत, काढायचा राहून गेला असेल, तर पान कितीही चांगले असले तरी शोधात येणार नाही. तुझे दरपत्रक नुसते चित्र म्हणून टाकलेले आहे. दर, पेटीतील फळांची संख्या आणि कोणत्या शहरांत माल पोहोचतो, हे पानावर मजकुरात लिही. लोक नेमके काय टाइप करून आले, हे सर्च कन्सोलमध्येच दिसते, आणि मराठी शब्दही रोमन लिपीत टाइप करणारे पुष्कळ असतात, हे लक्षात ठेव.

ग्राहकाची खरी शंका असते ती आंबा अस्सल आहे का, ही. हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांपुरते आहे. तुमची बाग कोणत्या गावात आहे, या मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी झाली असल्यास तिचा क्रमांक काय, आढी कशी लावता (फळे पेंढ्यात कशी पिकवता), हे सविस्तर लिही. इतरांच्या वेबसाइटवरून उचललेल्या आंब्याच्या गुणधर्मांपेक्षा हा मजकूर ग्राहकाच्या आणि म्हणून शोधाच्याही दृष्टीने मोलाचा आहे.

पहिल्या क्रमांकाची हमी देणाऱ्याला पैसे देऊ नकोस. अशी हमी कोणीच देऊ शकत नाही, असे गूगल स्वतःच सांगते. शोधासाठी केलेल्या कामाचे फळ दिसायला चार महिने ते वर्ष लागू शकते, त्यामुळे मार्चच्या हंगामासाठीचे लेखन दिवाळीपूर्वी व्हायला हवे. दर वर्षी नवे पान काढून जुने पुसण्याची तुझी पद्धत मात्र ताबडतोब थांबव, कारण त्या पानाला इतरांनी दिलेल्या लिंक आणि त्याने मिळवलेले स्थान त्यामुळे वाया जाते. पानाचा पत्ता एकच ठेव आणि त्यात वर्षाचा आकडा घालू नकोस. जूनमध्ये आंबा संपला की तिथेच पुढच्या नोंदणीचा अंदाजे काळ लिही. तुलनाही एप्रिलची मार्चशी न करता गेल्या एप्रिलशी कर. सर्च कन्सोलमध्ये सोळा महिन्यांचीच माहिती राहते, तेव्हा हंगाम संपताच ती उतरवून घे आणि यंदाच्या वाशीच्या पट्ट्यांसह मला पाठव.

कळावे, लोभ असावा.
तुझे सर