सिगारेट दोनदा सोडली, दोन्ही वेळा चौथ्या महिन्यात परत सुरू झाली. कायमची कशी सोडायची?

तुम्ही दिलेली माहिती थोडक्यात अशी: वय ३६, रोज १२ ते १४ सिगारेटी, पहिली सकाळी उठल्यावर पंधरा मिनिटांत. दोन्ही वेळा मनाशी ठरवून एका दिवसात बंद केली. एकदा मित्राच्या हळदीच्या रात्री परत सुरू झाली, एकदा ऑफिसात मोठा वाद झाला त्या संध्याकाळी. आणि प्रश्न असा की आपलं मन कमकुवत आहे का.

अजिबात नाही. कसलीही मदत न घेता तीन-तीन महिने दोनदा काढणारा माणूस मनाने खंबीरच असतो. अडचण अशी आहे की सिगारेट सोडणं हे एक काम आहे आणि सुटलेली टिकवणं हे दुसरं. पहिलं महिन्याभरात उरकतं, दुसऱ्याला वर्ष लागतं. तुम्ही पहिलं काम दोनदा पूर्ण केलंत, दुसऱ्याला हातच घातला नाहीत. पहिलंसुद्धा गरजेपेक्षा कितीतरी जास्त त्रास सोसून केलंत, म्हणून आधी त्याबद्दल.

तुमच्या प्रश्नातला सगळ्यात मोलाचा तपशील म्हणजे ‘उठल्यावर पंधरा मिनिटांत’. शरीर किती अडकलंय हे दिवसाच्या आकड्यापेक्षा यावरून जास्त नीट कळतं. रक्तातलं निकोटीन साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं, त्यामुळे रात्रभराच्या झोपेत ते जवळपास उतरून जातं. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत सिगारेट लागत असेल तर निकोटीन गम, म्हणजे धुराशिवाय थोडं थोडं निकोटीन देणारी चघळायची गोळी, ४ मिलिग्रॅमचा घ्यावा लागतो. त्यानंतर लागत असेल तर २ मिलिग्रॅमचा पुरतो. आपल्याकडे २ चा गम चिठ्ठीशिवाय मिळतो, ४ च्या गमला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. मग होतं काय, तर तुमच्यासारखा माणूस दुकानातून २ चा आणतो, दिवसाला तीन-चार गोळ्या खातो आणि आठवड्यात ‘याने काही होत नाही’ म्हणून टाकून देतो. तीन-चार गोळ्यांनी काही होणारच नसतं. नुसता गम घेणार असाल तर पहिले सहा आठवडे तासा-दोन तासांनी एक, म्हणजे दिवसाला किमान नऊ. पुढचे तीन आठवडे दोन ते चार तासांनी, शेवटचे तीन आठवडे चार ते आठ तासांनी. एकूण बारा आठवडे. तलफ यायची वाट बघत बसायचं नाही, घड्याळ बघून घ्यायचा.

आता तो खायचा कसा, कारण इथेच बहुतेकांचं बिनसतं. हळूहळू दहा-पंधरा वेळा चावा. मिरी चावल्यासारखी झणझण लागली की थांबा आणि गोळी गाल आणि हिरडीच्या मध्ये सरकवून ठेवा, तंबाखूची चिमूट दाबतात तशी. मिनिटभरात झणझण ओसरते. मग पुन्हा थोडं चावा आणि दुसऱ्या गालात ठेवा. असं अर्धा तास. निकोटीन गालाच्या आतून रक्तात जायला हवं. च्युइंगमसारखं भराभर चावलं तर ते लाळेबरोबर पोटात उतरतं. तिथून त्याचा उपयोग फार थोडा, आणि उचक्या, छातीत जळजळ, मळमळ मात्र नक्की.

दुसरी चूक चहाची. तोंडात आंबटपणा असला की निकोटीन गालातून नीट शोषलं जात नाही, आणि चहा, कॉफी, कोल्ड्रिंक, लिंबू सरबत, सोलकढी या सगळ्यांनी तोंड आम्लधर्मी होतं. म्हणून गम घेण्याआधी पंधरा मिनिटं आणि तो तोंडात असेपर्यंत पाण्याशिवाय काहीही नको. तंबाखू मळताना चुना का लावतात त्याचं उत्तर हेच आहे: चुन्याने तोंड अल्कधर्मी होतं आणि निकोटीन झरकन चढतं. चहाचा घोट घेत गम चघळणारा माणूस नेमकं याच्या उलट करत असतो.

तुमच्या प्रमाणात मात्र मी नुसत्या गमवर भिस्त ठेवायला सांगणार नाही. पॅच, म्हणजे कातडीवर चिकटवायची निकोटीनची पट्टी, आणि गम दोन्ही मिळून एकट्या कशाहीपेक्षा चांगलं काम करतात. दिवसाला दहापेक्षा जास्त सिगारेटी असतील तर २१ मिलिग्रॅमचा पॅच सहा आठवडे, १४ चा दोन आठवडे, ७ चा दोन आठवडे. पॅच दिवसभर एक सपाट पातळी धरून ठेवतो आणि गम अचानक उसळलेल्या तलफेसाठी हाताशी राहतो. अशा वेळी गम घड्याळावर घ्यायचा नसतो, गरजेपुरताच घ्यायचा. दंडावर, छातीवर किंवा पाठीवर केस नसलेली जागा निवडा. अंघोळीनंतर ती पूर्ण कोरडी होऊ द्या, तेल-पावडर काही लावू नका, पॅच चिकटवून तळहाताने दहा सेकंद दाबा. रोज जागा बदला, नाहीतर कातडी लाल होऊन खाजते. घामाने कडा सुटत असतील तर वरून कागदी सर्जिकल टेप लावा. विचित्र, ठसठशीत स्वप्नं पडू लागली किंवा झोप उडाली तर रात्री झोपताना काढून ठेवा. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. तुम्हीही ४ च्या गमसाठी चिठ्ठी घ्यायला जालच, तेव्हा दोन्ही एकत्र घेण्याचं त्यांच्याकडून पक्कं करून घ्या.

‘म्हणजे सिगारेट जाऊन गमचं व्यसन लागणार’ ही भीती बऱ्याच जणांना असते. धुरातून निकोटीन दहा ते वीस सेकंदांत मेंदूत पोचतं, आणि तो झटकाच माणसाला बांधून ठेवतो. गममधून ते हळूहळू, अर्ध्या तासात चढतं. शिवाय कॅन्सर होतो तो डांबर आणि धुरातल्या इतर विषांमुळे. ती गममध्ये नसतात. बारा आठवड्यांऐवजी सोळा आठवडे गम लागला म्हणून काही बिघडत नाही. लवकर बंद केला म्हणून सिगारेट परत सुरू झाली, तर ते खरं नुकसान.

व्हॅरेनिक्लिन ही तलफ कमी करणारी गोळी हा दुसरा मार्ग, फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. सिगारेट बंद करण्याच्या आठवडाभर आधी सुरू करतात: तीन दिवस अर्धा मिलिग्रॅम एकदा, चार दिवस अर्धा मिलिग्रॅम दोनदा, मग १ मिलिग्रॅम दोनदा, एकूण बारा आठवडे. मळमळ हा नेहमीचा त्रास. भरल्या पोटी ग्लासभर पाण्याबरोबर घेतली की बराच कमी होतो. किडनीचा आजार असेल तर मात्रा कमी करावी लागते, तेव्हा डॉक्टरांना तसं आधीच सांगा.

चहाबद्दल अजून एक गोष्ट आहे आणि ती फारसं कुणी सांगत नाही. धुरातल्या डांबरी द्रव्यांमुळे कॅफीन फोडणारं यकृतातलं एन्झाइम जोरात चालत असतं. धूर थांबला की आठवडाभरात ते मूळ गतीवर येतं. म्हणजे पूर्वीइतकाच चहा प्यायलात तरी रक्तात कॅफीन बरंच जास्त साठतं. मग धडधड होते, हात थरथरतात, रात्री डोळा लागत नाही, आणि माणूस समजतो की सिगारेट सोडल्यानेच हे होतंय. पहिल्या दिवसापासून चहा-कॉफी निम्मी करा. ओलान्झपिन, क्लोझपिन (मानसिक आजारावरची औषधं) किंवा थिओफिलिन (दम्याचं औषध) चालू असेल तर सिगारेट बंद करण्याआधीच डॉक्टरांना कळवा. याच कारणाने त्यांची मात्रा बदलावी लागते.

दिवस ठरवा, एक-दोन आठवड्यांच्या आतला. तोवर हळूहळू कमी करत बसण्यावर माझा भरवसा नाही. १४ च्या ७ केल्या की माणूस नकळत प्रत्येक सिगारेट जास्त खोल ओढतो, थोटूक अगदी बोटं भाजेपर्यंत संपवतो, आणि शरीराला निम्म्यापेक्षा बरंच जास्त निकोटीन मिळत राहतं. ‘लाइट’ सिगारेटचंही तेच. आदल्या रात्री पाकीट, लायटर, अ‍ॅशट्रे बाहेर काढा. गाडीची डिकी, ऑफिसचा ड्रॉवर, बाल्कनीतली कुंडीमागची जागा तपासा.

पण आपल्याकडे घर साफ केल्याने निम्मंच काम होतं, कारण खरी अडचण सुटी सिगारेट आहे. महाराष्ट्रात २०२० पासून सुटी विकायला बंदी आहे, तरी टपरीवर ती सर्रास मिळते. पाकीट विकत घ्यायचं म्हटलं तर हात जरा अडखळतो. एक सुटी घ्यायला विचारच करावा लागत नाही. तुम्ही चहा कुठल्या टपरीवर पिता, तिथे पाच वाजता कोण कोण असतं, लायटर कुठे टांगलेला असतो हे तुमच्या हातांना पाठ आहे. पहिला महिनाभर ती टपरी बंद. चहा जागेवर मागवा, वेळ बदला, दुसऱ्या गेटने बाहेर पडा. महिन्यानंतर गेलात तर आधी टपरीवाल्याला सांगून ठेवा: ‘दादा, मी मागितली तरी मला देऊ नका.’ चारचौघांत हे सांगायला लाज वाटेल, तरी सांगा. नंतर मागताना त्याहून जास्त लाज वाटेल, आणि आपल्याला तेच हवंय.

पहिल्या आठवड्यात, त्यातही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, सगळ्यात जास्त त्रास होतो. चिडचिड, लक्ष न लागणं, झोपमोड, बद्धकोष्ठ, तोंड येणं. काहींचा खोकला उलट वाढतो; श्वासनलिकेतले बारीक केस पुन्हा काम करू लागतात आणि साचलेला कफ वर ढकलतात. एक तलफ काही मिनिटंच टिकते. त्या वेळात जागा सोडायची: जिना उतरायचा, तोंडावर पाणी मारायचं, लवंग किंवा बडीशेप तोंडात टाकायची. मात्र सिगारेटच्या जागी मशेरी, गायछाप किंवा गुटखा येऊ द्यायचा नाही. भूक वाढते आणि वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वजन वाढतं, तेव्हा फरसाणाऐवजी फुटाणे आणि काकडी हाताशी ठेवा. डाएट मात्र एवढ्यात सुरू करू नका. एका वेळी एकच लढाई.

आता तुमचा चौथा महिना.

सतत ओढणाऱ्याच्या मेंदूत निकोटीन पकडणारी केंद्रं वाढलेली असतात. सिगारेट बंद झाल्यावर दोन-तीन महिन्यांत ती साधारण पूर्वपदावर येतात. म्हणून तिसरा महिना संपताना माणसाला हलकं वाटतं, तलफ जवळपास नसते, आणि ‘आता आपला ताबा आहे, एकीने काय होतंय’ हा विचार अगदी खरा वाटू लागतो. पण ‘हळदीची रात्र आणि सिगारेट’, ‘साहेबांचं बोलणं खाल्लं आणि सिगारेट’ या गाठी मेंदूत तशाच असतात. टपरीची गाठ रोज टपरी टाळून, रोज चहा पिऊन सैल झाली. हळदीची झाली नाही, कारण त्या तीन महिन्यांत हळद आलीच नव्हती. प्रत्येक प्रसंगातून एकदा तरी सिगारेटशिवाय पार व्हावं लागतं, तेव्हाच ती गाठ सुटायला लागते. आणि प्रसंग वर्षभर पसरलेले असतात, म्हणून वर्ष.

तेव्हा एक वही घ्या आणि येत्या बारा महिन्यांतले तुमचे प्रसंग लिहून काढा. पहिला पाऊस, ट्रेक, गणपतीतली रात्रीची जागरणं, गावची जत्रा, लग्नं, ३१ डिसेंबर, अप्रेझल, लांबचा प्रवास, घरात आजारपण, मयत. प्रत्येकापुढे चार गोष्टी लिहा: तिथे कोण ओढणारं असेल, मी कुठे उभा राहीन, हातात काय असेल, तोंडून कोणतं वाक्य निघेल. हळदीचं उदाहरण घ्या. साडेअकराला मंडळी गच्चीवर जातात, दोन पेग झालेले असतात, कुणीतरी पाकीट पुढे करतं. ते ओढत असतील तेव्हा तुम्ही गच्चीवर जायचंच नाही. खाली नवरदेवाजवळ थांबायचं. पहिले तीन महिने दारूही नको, कारण दोन पेगनंतर वहीतलं काही आठवत नाही. त्या संध्याकाळी गमची पट्टी खिशात. आणि वाक्य ‘मी ओढत नाही’ एवढंच. ‘सोडतोय रे’ म्हटलं की समोरचा ‘उद्यापासून सोड’ म्हणतो; ‘ओढत नाही’ला पुढे बोलायला जागा उरत नाही. घरी दोन-तीनदा मोठ्याने म्हणून बघा.

वादाचा दिवस आधी सांगून येत नाही, म्हणून त्याची तयारी आजच करायची. ऑफिसातून बाहेर पडल्या पडल्या फोन करता येईल अशा दोघांची नावं ठरवा आणि त्यांना तसं सांगून ठेवा. १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडण्यासाठीची सरकारी मोफत हेल्पलाइन. हा नंबर तुमच्या प्रत्येक पाकिटावर छापलेला होता. मराठीतही बोलता येतं. आणि उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, कशातच मन लागेना, तर तो ‘सिगारेटचा परिणाम’ समजून अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा.

इतकं करूनही एखादी ओढली गेलीच, तर पुढचा तास महत्त्वाचा. बहुतेक जण त्या एकीमुळे परत अडकत नाहीत. ‘मोडलंच ना, आता आजचा दिवस जाऊ दे’ म्हणून घेतलेल्या दुसरीमुळे अडकतात. हातातली विझवा, तिथून निघा, पाकीट घेतलं असेल तर पाण्याखाली धरून मग कचऱ्यात टाका. बारा आठवडे चालू असतील तर गम-पॅच बंद करू नका. बारा आठवडे संपून गेले असतील तर गम पुन्हा आठवडा-दोन आठवडे सुरू करा. त्याच रात्री वहीत लिहा: किती वाजले होते, कुठे, कोणाबरोबर, आधी काय झालं होतं. तो प्रसंग तुमच्या यादीत नव्हता किंवा होता पण तयारी कच्ची होती, एवढंच त्यातून निघतं. यादीत त्याची भर घाला.

बारा आठवडे झाल्यावरही ४ च्या गमची एक पट्टी वर्षभर पाकिटात राहू द्या, ज्या कप्प्यात सुट्या सिगारेटचे पैसे ठेवत होतात त्याच कप्प्यात. फक्त मुदतीची तारीख अधूनमधून बघत जा.