दाब, दबाव आणि बसमधलं 'दब्बब्याड्री'

खानापूर तालुक्यातल्या एका हायस्कूलच्या बाई विचारतात : 'आठवीची मुलं "पाण्याचा दबाव" लिहितात, मी खोडून "दाब" करते. माझं बरोबर आहे ना? आणि पाणी दाब देतं, टाकतं की लावतं?'

बाई, खोडत राहा. पाण्याचा दाब, हवेचा दाब, रक्तदाब. दबाव तहसीलदारावर येतो. हिंदी बातम्यांच्या नादानं हल्ली 'कमी दबावाचा पट्टा'सुद्धा ऐकू येतो. गंमत म्हणजे हिंदीतली भौतिकशास्त्राची पुस्तकं 'दाब'च लिहितात. म्हणजे उसनं आणलं तेही चुकीच्या घरातून! पण माझ्या डोक्यात तिडीक जाते ती दुसऱ्याच चुकीनं. मध्ये एका प्रश्नपत्रिकेत चक्क 'द्रव्याचा दाब' छापलेला पाहिला. द्रव म्हणजे वाहणारा पदार्थ, द्रव्य म्हणजे कुठलाही पदार्थ, नाहीतर पैसा. द्रव्याचाही दाब असतो, नाही असं नाही, पण तो मतदानाच्या आदल्या रात्री.

'दाबून जेवला', 'पोरांना दाबात ठेवलं' हे अर्थ सगळ्यांना ठाऊक आहेत, ते सोडतो. खरी मजा मुळात आहे.

बरेच जण दाब 'दमना'तून काढतात. आमच्या ओळखीचे एक निवृत्त गुरुजी तर त्यावर पैज लावायला तयार असतात. 'अर्थ जुळतो की ओ!' अर्थ जुळतो, पण ध्वनीचं काय? दोन स्वरांमधल्या म चा मराठीत येता येता व होतो. ग्रामाचं गाव झालं, नामाचं नाव झालं, श्यामलाचा सावळा झाला. आणि दमनकाचा झाला दवणा, तोच जो आपण चैत्रात जोतिबाला वाहतो. गुरुजींचं दमन असं केव्हाच डोंगर चढून देवाच्या पायाशी गेलेलं आहे, त्याला पाण्यात कशाला ओढता?

दाबातला आ लांब झालाय तो मागच्या जोडाक्षरामुळे. कर्म, कम्म, काम. सप्त, सत्त, सात. तसंच दब्ब, दाब. भाषाशास्त्रज्ञ टर्नर यांनी पंजाबीपासून मराठीपर्यंतची रूपं शेजारी मांडून 'दब्ब' हे मूळ सुचवलं आणि त्यावर तारा काढला. तारा म्हणजे लेखी पुरावा नाही, रूपांवरून बांधलेला अंदाज.

तो तारा पुसायला मी निघालोय. बेळगावहून गोकाकला जाणाऱ्या बसमध्ये शनिवारी संध्याकाळी चढून बघा. दारातच कुणीतरी ओरडतं, 'दब्बब्याड्री!' ढकलू नका हो! कन्नड 'दब्बु' म्हणजे ढकलणे. जोडलेला ब शाबूत! जुलमाला 'दब्बाळिके' म्हणतात, तोही मला याच घरातला वाटतो. कन्नड मित्र लगेच म्हणतात, म्हणजे तुमचा दाब आमचाच. तसं नाही. पंजाबात पोचलेला शब्द हुबळीहून निघाला असेल हे मला पटत नाही; आणि तुमच्या भौतिकशास्त्रात 'ओत्तड' आहे, 'ओत्तु'वरून आलेला, तो अस्सल तुमचा. पुण्याकडचे म्हणणार, मग कन्नडनं मराठीतून उचलला. मराठीत जोड ब उरलाच नव्हता, देणार कुठून? उचलला असेल तर मराठी ही मराठी होण्याआधी. माझं मत असं, की मुळातला अर्थ ढकलण्याचाच होता. आपण तो वरून ओझं ठेवण्यावर आणला, कन्नडनं जपला.

हे भाषेपुरतं राहिलं असतं तर मी एवढा तापलो नसतो. पण मुलांचा दाब चुकतो तो इथंच. ती त्याला ओझं समजतात. ओझं दडप्या पोह्यांवर असतं, वरून खाली. पाणी सगळीकडून ढकलतं. पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्या कुणालाही विचारा : डबा सोडून पहिल्यांदा तळाशी बुडी मारली की कान दुखतो, आणि मान कुठंही वळवली तरी तेवढाच दुखतो. तीन मीटर खोलीवर पाण्याचा दाब सुमारे २९,४०० पास्कल (हे दाबाचं एकक), म्हणजे शंभर चौरस सेंटिमीटरच्या तळहातावर तीसेक किलोच्या वजनाएवढं बळ. मग हात तळाला का चिकटत नाही? खालूनही तेवढंच बळ हाताला वर दब्बतं म्हणून! रिकामी कळशी पालथी घालून पाण्यात दाबून बघा, मनगटाला लगेच कळतं.

पाणी किती साठलंय यानं दाब ठरत नाही, ते किती उभं आहे यानं ठरतो. खोली, घनता आणि गुरुत्वत्वरण, बस्स. आमच्या गल्लीत नळाची धार बारीक म्हणून एकानं दुप्पट रुंदीची टाकी आणली आणि जुन्याच कट्ट्यावर ठेवली. पाण्याची पातळी तेवढीच, धार तेवढीच. जुनी टाकीच चार फूट वर चढवली असती तर काम झालं असतं.

गोकाकचा धबधबा ५२ मीटरचा. तेवढ्या उंचीचं पाणी बंद नळात उभं केलं तर तळाशी पाच लाख पास्कलवर दाब भरतो. पण मोकळ्या हवेत कोसळणाऱ्या त्याच पाण्यात असा दाब साठत नाही. त्याला अडवणारं कुणी नाही, मग ते कुणाला दब्बणार? आणि ज्याच्या नावाचं हे एकक, त्या सतराव्या शतकातल्या पास्कलचा नियम तर बसमध्येच शिकवावा. कंडक्टरनं मागच्या दारातून एक माणूस आत दब्बला की धक्का ड्रायव्हरच्या पाठीमागच्या जाळीपर्यंत जातो. पाणी हेच करतं, फक्त वाटेत धक्का जराही कमी होऊ न देता. गॅरेजमध्ये गाडी उचलणारा हायड्रॉलिक जॅक त्यावरच चालतो.

क्रियापद राहिलंच की. 'टाकतं' नको, टाकणं वरून खाली होतं. 'लावतं' मुलं बोलतात, बोलू देत. वहीत 'पाणी दाब देतं' लिहून घ्या. 'दाब पडतो' हेही टाळा असं सांगणार होतो, पडणंही खालीच होतं ना. पण माझंच जुनं टिपण काढून बघितलं, त्यात तो चार वेळा पडलाय.