गाडी नुसती टकटक करते, सुरू होत नाही. बॅटरी बदलावी का?

तुम्ही लिहिलंय की पावसात गाडी तीन आठवडे गोव्यातल्या दिवाडी बेटावरच्या घरी उभी होती, आता चावी फिरवली की नुसती टकटक होते, आणि मेकॅनिक फोनवरच "नवी बॅटरी टाका" म्हणतो. लगेच टाकू नका. मी एकदा टाकली होती, ती गोष्ट पुढे सांगतो.

आधी आवाज नीट ऐका. शिलाई मशीन चालावं तशी भराभर कटकटकटकट होते, की एकदाच जोरात 'टक्' होऊन सगळं गप्प? दोन्हींची दुखणी वेगळी.

भराभर टकटक म्हणजे सेल्फपर्यंत, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या मोटरपर्यंत, पुरेसा करंट पोचत नाही. सेल्फच्या डोक्यावर सोलेनॉइड (विजेच्या चुंबकाने चालणारा स्विच) असतो, त्याला ओढायला थोडाच करंट लागतो. तो ओढला गेला की मोटर शंभर-दीडशे अँपियर मागते, बॅटरीचा व्होल्टेज कोसळतो, सोलेनॉइड सुटतो. सुटला की व्होल्टेज परत वर, परत ओढतो. तीच ती टकटक. तीन आठवडे उभ्या गाडीत हे व्हायचंच. सेंट्रल लॉक, अलार्म, कॉम्प्युटर हे सगळं मिळून बंद गाडीतही पन्नास मिलिअँपियर खाऊ शकतं. एकवीस दिवसांचे झाले साधारण 25 अँपियर-तास, आणि छोट्या गाडीची बॅटरी असते 35 ची. म्हणजे बॅटरी बिघडली असं नाही, उपाशी आहे.

मल्टिमीटर असेल तर लावा. गाडी बंद असताना 12.6 च्या आसपास दिसला तर बॅटरी भरलेली, 12.2 ला अर्धी, 12 च्या खाली उतरलेली. मीटर नसेल तर हेडलाइट लावून कुणाला तरी चावी फिरवायला सांगा. लाइट पार मंदावला तर बॅटरी किंवा टर्मिनल. लाइट तसाच लख्ख आणि एकच 'टक्', तर बॅटरीला दोष देऊ नका, सेल्फ किंवा त्याच्या वायरी बघा.

टर्मिनल मात्र दोन्ही बाबतीत उघडाच. आपल्याकडची दमट, खारी हवा धातूला सोडत नाही. वर पांढरी-हिरवी बुरशी दिसते ती सगळ्यांनाच दिसते. खरी भानगड पकडीच्या आत असते. वरून चकचकीत टर्मिनल काढून बघा, आतून काळपट राखाडी थर असतो, बोटाला लागतसुद्धा नाही. तेवढ्याने गाडी अडते. बहुतेक गाड्यांना दहा नंबरचा पाना लागतो. आधी मायनस काढायचा, लावताना मायनस शेवटी. उलट केलंत आणि प्लसवरचा पाना बॉडीला टेकला तर ठिणगी बघायला मिळेल. हातात अंगठी असेल तर काढून ठेवा. गरम पाण्यात खायचा सोडा घालून बुरशीवर ओता (बॅटरीच्या झाकणातून आत जाऊ देऊ नका), फेस थांबला की पुसून कोरडं करा, मग पॉलिश पेपरने खांब आणि पकडीची आतली बाजू घासा. घट्ट बसवून वर व्हॅसलिनचं बोट फिरवा. पकड हाताने हलता कामा नये.

आता माझी गोष्ट. चवथीच्या आदल्या दिवशी डिचोलीच्या बाजारात माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं टांगतात त्या चौकटीचं, सामान घेतलं. डिकीत सुपारीचा घड, नारळांचा घोस, आणि गाडी म्हणते 'टक्'. जवळच्या दुकानात नवी बॅटरी बसवून घेतली, गाडी लागली. दहा दिवसांनी परत तेच. शेवटी एका म्हाताऱ्या इलेक्ट्रिशियनने जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं थेट इंजिनच्या लोखंडाला लावलं. पहिल्याच चावीला सुरू! गिअरबॉक्सवरून बॉडीला जाणारी अर्थिंगची जाड पट्टी बोल्टखाली गंजली होती. सँडपेपरने काम झालं. बॅटरीचे पैसे गेले ते गेलेच. तुमच्याकडे केबल असेल तर गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढून, हा प्रयोग फुकट करता येतो.

एवढं करूनही एकच 'टक्' येत असेल तर सेल्फचे कार्बन ब्रश झिजलेले किंवा सोलेनॉइडचे आतले पॉइंट जळलेले असतात. कुणीतरी चावी धरून ठेवायची आणि तुम्ही चाकपान्याच्या दांड्याने सेल्फच्या अंगावर हलके दोन ठोके द्यायचे. चालू झाला तर निदान पक्कं. पण हे औषध नव्हे, सेल्फ खोलून घ्यावाच लागेल.

शेजाऱ्याच्या गाडीवरून जंप द्यायचा तर लाल टोक तुमच्या प्लसला, दुसरं लाल त्याच्या प्लसला, काळं त्याच्या मायनसला, आणि शेवटचं काळं तुमच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, ठिणगी तिच्याजवळ नको. धक्का मारून? मॅन्युअल गाडी दुसऱ्या गिअरवर लागू शकते, बॅटरीत थोडा तरी जीव असेल तर. ऑटोमॅटिकच्या मागे घाम गाळू नका.

सुरू झाल्यावर बॅटरीवर मीटर बघा, 13.8 ते 14.5 च्या दरम्यान हवा. तेवढा नसेल तर अल्टरनेटर (चालू इंजिनावर बॅटरी भरणारं यंत्र) चार्ज करत नाही. सगळं ठीक असलं तरी आज गाडी घेऊन थेट फेरीबोटीच्या धक्क्यावर जाऊ नका. घरापासून फेरीबोटीपर्यंतच्या दहा मिनिटांत उपाशी बॅटरी भरत नाही, तिला रात्रभर चार्जरवर ठेवा. बोटीत इंजिन बंद केलंत आणि जुन्या गोव्याच्या धक्क्यावर परत टकटक झाली, तर मागच्या सगळ्या गाड्यांचे हॉर्न तुमच्याच नावाने वाजतील.