मागचे ड्रम काढण्याआधी

भाऊ, गाडीच्या मागच्या चाकांचे ड्रम ब्रेक काढून डिस्क ब्रेक लावायचा तुझा उत्साह कळतो, पण आधी पुढचे ब्रेक बघ. ब्रेक दाबला की वजन पुढे येतं, बहुतेक काम पुढचीच चाकं करतात. चांगले पॅड आणि ताजं डॉट ४ ब्रेक ऑइल टाकून एक ऑटोक्रॉस (मोकळ्या जागेत आखलेल्या वळणांची, वेळेवरची शर्यत) मारून बघ. नवं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत तग धरतं, पाणी शोषलं की १५५ वरही उकळू शकतं. नाशकातला पावसाळा संपला की बदलच.

तरीही करायचंच असेल तर मास्टर सिलिंडरचं, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेककडे ऑइल ढकलणाऱ्या नळकांड्याचं, माप आधी तपास. ड्रमचे शू (आतून घासणाऱ्या पट्ट्या) फिरत्या ड्रममुळे आपोआप आवळले जातात. डिस्कला ही फुकटची मदत नाही, म्हणून कॅलिपरचा (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या चिमट्याचा) पिस्टन मोठा, आणि तो ऑइलही जास्त मागतो. पेडल खोल जातं ते त्यामुळे. मी घाईत हे मोजलं नाही, मागच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा ॲडजस्टेबल प्रपोर्शनिंग व्हॉल्व्हही टाळला. ओल्या मातीत मागची चाकं आधी लॉक झाली आणि गाडी गर्रकन फिरून उलट्या तोंडाने उभी! बाजूला द्राक्षबाग नव्हती, हे नशीब.

कॅलिपर हँडब्रेकवालाच घे, नाहीतर ऑटोक्रॉसला गाडी फिरवशील कशी? कॅलिपर बसवायचं ब्रॅकेट अंबड एमआयडीसीत कापून मिळेल, पण जोडकाम नको, अख्ख्या जाड प्लेटमधूनच काढून घे. पहिली चाचणी मोकळ्या मैदानात, हळू वेगात. कसारा घाटात नाही.