चिनी भाषेत ‘काळ’ नसतो का? आणि ‘ऑल्दो... बट’चं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा: मेलबर्नला शिकणाऱ्या एका मराठी मुलीची रूममेट चीनमधल्या चेंगडूची आहे, तिला पुढच्या कोर्ससाठी परत आयेल्ट्स (परदेशी शिक्षणासाठीची इंग्रजीची परीक्षा) द्यायचीय आणि ही तिला व्याकरण आणि वाचनाच्या सरावात मदत करते. हिचं म्हणणं, रूममेटला नियम सगळे पाठ आहेत, काळांचा तक्ता झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवेल, पण लिहायला बसली की ‘येस्टरडे ही इज व्हेरी हॅपी’, ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट’, आणि बोलताना स्वतःच्या आईला ‘ही’ म्हणते. तर चिनी भाषेत काळ नसतोच हे खरं का, ‘टेन्स’ला ते काय म्हणतात, आणि उताऱ्यातली लांब वाक्यं ती उलटीकडून का वाचते?

आधी सरळ उत्तर. हो, चिनी (म्हणजे मँडरिन) क्रियापदाचं रूप काळाप्रमाणे बदलत नाही. जातो, गेलो, जाईन, सगळ्याला तेच एक क्रियापद. वेळ सांगायची तर ‘काल’, ‘उद्या’, ‘लहानपणी’ असा शब्द टाकायचा, आणि एकदा टाकला की झालं, पुढच्या दहा वाक्यांत परत परत सांगत बसायचं नाही. रूममेटच्या अर्ध्या चुका इथेच उगवतात. इंग्रजीला प्रत्येक क्रियापदावर शिक्का लागतो, तिच्या भाषेला तो परिच्छेदाच्या सुरुवातीला एकदाच लागतो. त्यामुळे ‘येस्टरडे’ लिहिल्यावर ‘इज’ लिहिताना तिला काही खटकतच नाही, वेळ तर सांगून झाली ना!

‘टेन्स’ला ते म्हणतात ‘श्र-थाय’ (उच्चार देवनागरीत जमेल तसे देतोय, सूर गाळलेत, चिनी जाणकारांनी माफ करावं). यातला ‘श्र’ म्हणजे वेळ आणि ‘थाय’ म्हणजे स्थिती. म्हणजे आपण ज्याला नुसतं ‘काळ’ म्हणतो त्यात त्यांनी दोन गोष्टी एकत्र बांधल्यात, क्रिया कधी झाली आणि क्रिया कुठल्या अवस्थेत आहे. तिकडच्या शाळेत ४ वेळा गुणिले ४ स्थिती असा इंग्रजीच्या १६ काळांचा तक्ता शिकवतात. आपल्याकडे ३ गुणिले ४ करून १२. त्यांचा चौथा कॉलम म्हणजे भूतकाळातून दिसणारा भविष्यकाळ, ‘ही सेड ही वुड गो’मधला. तक्ता उत्तम आहे, त्याला नाव ठेवायचं कारण नाही, पण तक्ता पाठ असणं आणि लिहिताना ‘वॉज’ आपोआप हातातून उतरणं यांचा फारसा संबंध नाही.

आता गंमत पुढे आहे. चिनीत ‘ल’ नावाचा एक बारका अव्ययासारखा शब्द क्रियापदाला किंवा वाक्याच्या शेवटी लागतो. शिकणाऱ्याला सोयीसाठी सांगितलं जातं की ‘ल’ दिसला की भूतकाळ, म्हणजे इंग्रजीत ‘-एड’ लावा. हे समीकरणच घोटाळा करतं, आणि मराठी माणसाला ते चटकन समजेल म्हणून जरा थांबून सांगतो. हॉटेलात कुणी हाक मारली की चिनी वेटर ओरडतो ‘लाय ल, लाय ल!’ ‘लाय’ म्हणजे येणे. शब्दशः काय झालं? ‘आलो, आलो!’ आणि आपणही नेमकं हेच ओरडतो की नाही, स्वयंपाकघरात गॅसजवळ उभं राहून, दाराकडे एक पाऊलही न टाकता? आपलं ‘आलो’ तिथे भूतकाळ नाहीये, परिस्थिती बदलली एवढंच सांगतंय. किंवा हे वाक्य घ्या: ‘मिंगथ्यन वो छ्र-ल फान च्यौ चौ’, म्हणजे ‘उद्या मी जेवलो की निघतो’. उद्याची गोष्ट आहे, तरी चिनीत ‘ल’ आहे आणि मराठीत ‘जेवलो’ आहे! इंग्रजीत मात्र इथे ‘एट’ टाकलं की संपलं. (‘संपलं’ यालासुद्धा ते ‘वान ल’ म्हणतात, अगदी आपल्यासारखंच, परीक्षेचा पेपर बघितल्यावर.)

म्हणजे ‘ल’ सांगतो की क्रिया पुरी झाली किंवा काहीतरी नवीन घडलं. मग जिथे पुरं होण्यासारखं काही नाही तिथे ‘ल’ येतच नाही, गोष्ट कितीही जुनी असो. ‘तो काल खूप खूश होता’ यात ‘ल’ नाही, कारण खूश असणं ही स्थिती. ‘लहानपणी मी नेहमी नदीवर जायचे’ यातही नाही, कारण ती सवय. आपल्याकडे सवयीसाठी ‘जायचे’ हे वेगळं रूप आहे, चिनीत क्रियापद कोरंच. आता तुमच्या रूममेटच्या वह्या उघडून बघा, माझी पैज, ‘वेंट’, ‘बॉट’, ‘फिनिश्ड’ असली एकदा घडून संपलेली क्रियापदं तिची बहुतेक बरोबर असतील आणि चुका ‘वॉज’च्या जागी ‘इज’ आणि ‘व्हेन आय वॉज स्मॉल आय ऑफन गो’ अशा जागी गोळा झालेल्या दिसतील. तसं असेल तर तिला १६ काळ परत शिकवू नका, फक्त स्थिती आणि सवय या दोनच ठिकाणी लाल पेन फिरवा.

यात कानाचाही भाग आहे जो व्याकरणाच्या पुस्तकात कधी येत नाही. मँडरिनमध्ये शब्दावयव संपतो तो स्वरावर, नाहीतर ‘न’ किंवा ‘ङ’वर (आणि उत्तरेत ‘र’वर), बास. ‘आस्क्ट’, ‘मंथ्स’, ‘वॉक्ट’ असली शेवटची गर्दी त्या कानाला सवयीचीच नाही. जे नीट ऐकू येत नाही ते हातातूनही गळतं. म्हणून मोठ्याने वाचायला लावा, आणि पुढचा शब्द स्वराने सुरू होणारी वाक्यं निवडा, ‘वॉक्ट अप’, ‘लुक्ट अॅट’, तिथे तो ‘ट’ पुढच्या स्वराला चिकटतो आणि तोंडाला सापडतो. दहा मिनिटं रोज. कंटाळवाणं आहे पण तक्त्यापेक्षा कामाचं.

‘ऑल्दो... बट’कडे येऊ. चिनीत ‘स्वेइ-रान... तान-श्र’ ही जोडी आहे, ‘यिन-वेइ... स्वो-यी’ ही दुसरी. पहिली म्हणजे आपली ‘जरी... तरी’ आणि दुसरी साधारण ‘ज्याअर्थी... त्याअर्थी’च्या घरातली, फक्त रोजच्या बोलण्यातली, आपल्यासारखी कोर्टातली नव्हे. जोडीतला दुसरा शब्द गाळला तर तिला वाक्य लंगडं वाटतं. आणि खरं सांगा, मराठी माध्यमातून आलेल्या आपल्यापैकी किती जणांनी ‘दो ही इज पुअर, बट ही इज ऑनेस्ट’ लिहून मार्क घालवलेत? मूळ तेच, जरी म्हटलं की तरी पाहिजेच. त्यामुळे ही चूक समजावून सांगायला मराठी शिक्षक इंग्रज शिक्षकापेक्षा बरा, कारण त्याला ती चूक वाटायच्या आधी बरोबर वाटलेली असते. तिला एवढंच सांगा की इंग्रजीत जोडी नाही, दोघांपैकी एकच नोकरीला ठेवायचा, आणि तिच्याच निबंधातली वाक्यं एकदा ‘ऑल्दो’ ठेवून आणि एकदा ‘बट’ ठेवून अशी दोनदा लिहून घ्या.

उपपदं, म्हणजे ‘अ’, ‘अॅन’, ‘द’, यांच्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण आयेल्ट्सच्या निबंधात तीच सगळ्यात जास्त सांडतात. चिनीत उपपद नाही, मराठीतही नाही. पण ठरलेलं आणि न ठरलेलं यातला फरक दोघींकडे आहे हं, फक्त वेगळ्या मार्गाने. चिनीत ‘ख-रन लाय ल’ म्हणजे ज्यांची वाट बघत होतो ते पाहुणे आले, आणि ‘लाय ख-रन ल’ म्हणजे कोणीतरी पाहुणे आलेत, अचानक. शब्द तेच, जागा बदलली. क्रियापदाच्या आधी आलं की ओळखीचं, नंतर आलं की नवखं. आपण ‘एक बाई आल्या होत्या’मध्ये ‘एक’ टाकतो तेव्हा मोजत नसतो, त्या अनोळखी आहेत हे सांगत असतो. तेव्हा रूममेटला ‘द’चे पंधरा नियम देण्यापेक्षा विचारा की हे वाक्य चिनीत म्हणताना पाहुणा पुढे की मागे? कर्त्याच्या जागी तरी हे बऱ्यापैकी लागू पडतं. ‘द सन’, ‘द रिच’ वगैरे वेगळे पाठ करावे लागतील, त्याला इलाज नाही.

यासाठी सरावाचा एक प्रकार तिला शाळेपासून माहीत असेल, ‘वान-शिंग थ्यन-खुंग’, उताऱ्यातल्या गाळलेल्या जागा भरा. त्यांच्या बारावीनंतरच्या प्रवेशपरीक्षेत, काओखाओमध्ये, इंग्रजीला बहुतेक प्रांतांत १५० मार्क असतात आणि हा प्रश्न त्यात वर्षानुवर्षं मुलांना घाम फोडत आलाय. इंग्रजीत याला ‘क्लोज’ म्हणतात, पण हा बंद करण्यातला क्लोज नाही आणि जवळचा तर नाहीच, स्पेलिंगमध्ये एसच्या जागी झेड आहे. विल्सन टेलर या अमेरिकन अभ्यासकाने १९५३ साली ‘क्लोजर’ या मानसशास्त्रातल्या कल्पनेवरून तो शब्द पाडला, अर्धवट आकृती मन आपोआप पुरी करतं ती कल्पना. चिनी भाषांतरकारांनी ती बरोबर पकडली, ‘वान-शिंग’ म्हणजे पुरी आकृती, ही कल्पना ज्या शाखेतली त्या गेस्टाल्ट मानसशास्त्रालाही चिनीत हाच शब्द आहे. आपण मात्र ‘रिकाम्या जागा भरा’ म्हणून मोकळे! टेलरला मुलांची परीक्षा घ्यायचीच नव्हती, मजकूर वाचायला किती सोपा आहे ते मोजायचं होतं, म्हणून तो ठराविक अंतराने शब्द उडवायचा. तुम्ही ठराविक अंतर सोडा. तिने आधीच वाचून समजलेला एक परिच्छेद घ्या, त्यातली फक्त उपपदं उडवा, दुसऱ्या दिवशी तिला भरायला द्या, आणि जिथे चुकेल तिथे नियम सांगण्याऐवजी विचारा की वाचणाऱ्याला ही वस्तू आधीपासून माहीत आहे का. पुढच्या आठवड्यात तसंच ‘वॉज’ आणि ‘वेअर’ उडवा. पर्याय द्यायचे नाहीत. पर्याय दिले की ती परीक्षेच्या मोडमध्ये जाते आणि त्यात ती तुमच्या-माझ्यापेक्षा हुशार आहे.

वाचनाचं सांगतो. आयेल्ट्सला ६० मिनिटांत ३ उतारे आणि ४० प्रश्न, म्हणजे वाक्य दोनदा वाचायलाही वेळ नाही. आणि इंग्रजीतली लांब वाक्यं चिनी वाचकाला आरशात बघितल्यासारखी दिसतात. हे घ्या: ‘द क्लेम दॅट रिसर्चर्स हू स्टडीड चिल्ड्रन लिव्हिंग निअर द रिव्हर मेड वॉज लेटर विथड्रॉन.’ मराठीत करा: ‘नदीकाठी राहणाऱ्या मुलांचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी केलेला दावा नंतर मागे घेतला गेला.’ नदी, मुलं, संशोधक, दावा. इंग्रजीत दावा, संशोधक, मुलं, नदी. चिनीतही आपल्यासारखंच, सगळी विशेषणं, अगदी अख्खं वाक्यसुद्धा, नामाच्या आधी रचायची आणि मध्ये ‘त’ नावाचा सांधा टाकायचा. म्हणून ती शेवटाकडून सुरू करून मागे येते, ती मनातल्या मनात वाक्य चिनी क्रमाने लावून घेत असते.

पण आपल्याकडे एक पळवाट आहे जी तिच्याकडे नाही, ‘जो... तो’. ‘जो दावा त्या संशोधकांनी केला होता, तो’ असं आपण म्हणू शकतो, म्हणून ‘हू’ आणि ‘दॅट’ आपल्याला फार परके वाटत नाहीत. चिनीत तसं संबंधी सर्वनाम नाहीच. तिकडच्या क्लासमध्ये असल्या वाक्यांना नावच आहे, ‘छांग-नान-च्यू’, लांब-अवघड-वाक्य, आणि शिक्षक सांगतात की आधी खोड शोधा, फांद्या नंतर. सल्ला चांगला आहे, ‘क्लेम... वॉज विथड्रॉन’ एवढं हाती लागलं तर निम्मी उत्तरं येतात. मला फक्त त्यापुढची पायरी, सगळं उलटवून चिनी क्रमात लावणं, ती पटत नाही. भाषांतराच्या पेपरला ठीक, इथे घड्याळ धावतंय. त्याऐवजी तुम्ही शेजारी बसून वाक्य तुकड्या-तुकड्याने उघडा. ‘द क्लेम’, थांबा, कुठला क्लेम? ‘दॅट रिसर्चर्स’, बरं, कुठले रिसर्चर्स? ‘हू स्टडीड चिल्ड्रन’, कुठली मुलं? प्रश्न तुम्ही विचारायचा, उत्तर तिने पुढच्या तुकड्यात शोधायचं, मागे बघायला बंदी. रोज पाच-सहा वाक्यं पुरेत. काही दिवसांनी प्रश्न ती स्वतःच विचारायला लागते, आणि मग डोळा पुढे जायला लागतो.

शब्दांच्या याद्या मात्र आता बंद करा. चिनी विद्यार्थ्यांत एक जुना जोक आहे की शब्दसंग्रहाचं पुस्तक सगळेच उत्साहाने उघडतात, ए अक्षराच्या सुरुवातीलाच ‘अबॅन्डन’ येतो, आणि पुस्तक तिथेच अबॅन्डन होतं. तिला सांगून बघा, हसेल.

राहिलं आईला ‘ही’ म्हणणं. बोलण्यात तो, ती, ते सगळ्याला एकच ‘था’. लिहिताना वेगळी अक्षरं आहेत, पण ‘ती’साठीचं वेगळं अक्षर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ल्यू पान-नुंग यांच्यासारख्या लेखकांनी रूढ केलं, उच्चार तोच ठेवून. त्यामुळे तोंडातून शब्द निघायच्या क्षणी लिंग ठरवायची सवयच नाही, जसं आपल्या बंगाली मित्रांचं हिंदीत ‘गाडी आ गया’ होतं. यात विचारांचा गोंधळ काही नाही आणि बोलताना मध्येच टोकून उपयोगही नाही, उलट बोलायची भीती बसते. आयेल्ट्सच्या तोंडी परीक्षेत एखादा ‘ही’ घसरला तर आभाळ कोसळत नाही. लिहिलेल्या मजकुरात मात्र शेवटची दोन मिनिटं फक्त ‘ही-शी’ तपासायला राखून ठेवा, बाकी काही बघायचं नाही त्या फेरीत. आणि ‘-एड’साठी वेगळी फेरी, दोन्ही एकदम केल्या की दोन्ही निसटतात.