मनगटातलं होडीसारखं हाड : वाचकांचे प्रश्न

केळीचा घड उतरवताना पाय घसरला आणि हातावर पडलो. एक्स-रे चांगला आला, पण नऊ दिवसांनंतरही अंगठ्याच्या मुळाशी दुखतं. मुरगळलं असेल का? (रावेर)

मुरगळलंय असं मानून सोडून देऊ नका. अंगठा ताठ करून वर उचला. मनगटाच्या कडेला दोन शिरांसारख्या दोऱ्या उठतात (त्या स्नायूंच्या कंडरा) आणि मध्ये खळगा पडतो. पूर्वी लोक चिमूटभर तपकीर तिथे ठेवून ओढत, म्हणून शरीरशास्त्रात त्याचं नावच तपकिरीची डबी. तिच्या तळाशी स्केफॉईड असतं, मनगटातल्या आठ हाडांपैकी एक, होडीच्या आकाराचं. तिथे बोटाने दाबा. मग तळहाताच्या बाजूने, अंगठ्याच्या उंचवट्याखाली मनगटाच्या घडीपाशी लागणारी गाठ दाबा. हेच दुसऱ्या हातावरही करा, कारण धडधाकट मनगटातही डबीत जोरात दाबलं की थोडं दुखतं. दुखऱ्या हाताला स्पष्ट जास्त कळ आली, तर हाड तुटलंय असं धरूनच चाला.

पहिल्या एक्स-रेत केसासारखी चीर लपून राहू शकते. 10 ते 14 दिवसांत तुटलेल्या कडा थोड्या झिजतात, मग ती दिसते. तोवर पट्टी किंवा प्लास्टर हवंच. पुन्हा एक्स-रे काढताना मनगट करंगळीकडे वळवून घेतलेला फोटो आवर्जून मागा. त्यात हे हाड लांबट, पूर्ण दिसतं. लवकर निदान हवं असेल तर एमआरआय.

आईचं मनगट सहा आठवड्यांत जुळलं. भावाला आठ आठवडे झाले तरी प्लास्टर काढत नाहीत. का? (अमळनेर)

आईचं बहुधा रेडियसचं, म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतच्या अंगठ्याकडच्या लांब हाडाचं, टोक मोडलं असेल. ते मऊ, भरपूर रक्ताचं हाड. स्केफॉईडचं गणित उलटं आहे. त्याचा बहुतेक पृष्ठभाग कूर्चेने (सांध्यातल्या गुळगुळीत थराने) झाकलेला, म्हणून रक्तवाहिन्यांना शिरायला जागा थोडीच. त्यातल्या मुख्य वाहिन्या बोटांकडच्या भागातून आत शिरतात आणि कोपराच्या दिशेने मागे जातात. कमरेत, म्हणजे मधल्या बारीक भागात हाड मोडलं की मागच्या तुकड्याचा पुरवठा तुटतो. शेतातला पाट मध्येच फुटला की शेवटचा वाफा कोरडा राहतो, तसंच. म्हणून कमरेच्या मोडीला 8 ते 12 आठवडे लागतात, कोपराकडच्या टोकाच्या मोडीला त्याहून जास्त. दुखणं थांबलं म्हणजे हाड जुळलं, असं नाही. एक्स-रे किंवा सीटी स्कॅनमध्ये जुळलेलं दिसेपर्यंत प्लास्टर कापू देऊ नका.

तुकडे सरकले असतील, किंवा मोड कोपराकडच्या टोकाला असेल, तर सहसा स्क्रू बसवतात. कूर्चेला घासू नये म्हणून त्याला डोकं नसतं. तो पूर्ण हाडात बुडतो.

तंबाखूने फरक पडतो का? हाडवैद्याकडून चोळून घेतलं तर? (शहादा)

पडतो. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि इथे रक्त आधीच तुटपुंजं. विडी, तंबाखू निदान प्लास्टर असेपर्यंत तरी पूर्ण बंद ठेवा. चोळणं तर नकोच. दर वेळी हलवलं की तुकडे एकमेकांवर घासतात, मध्ये हाडाऐवजी तंतू भरतात. न जुळलेलं स्केफॉईड पुढे काही वर्षांत मनगटाचा सांधा झिजवतं.

करंगळीच्या बाजूला, तळहाताच्या मुळाशी वाटाण्याएवढं टणक काहीतरी हलतं. गाठ आहे का? (धुळे)

दोन्ही हातांना सारखंच आहे ना? मग ते पिसिफॉर्म, कंडरेत बसलेलं तुमचंच हाड. मनगट सैल सोडलं की ते थोडं सरकतं.