काळ्या मोहऱ्यांनी जिंकण्यासाठी खेळावे का? बॉन, २००८ मधला एक डाव

बुद्धिबळात तगड्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध काळी मोहरी वाट्याला आल्यावर बरोबरीवर समाधान मानावे की धारदार ओपनिंग (डावाच्या सुरुवातीची ठरलेली खेळीमालिका) निवडून जिंकायला जावे, आणि तसा अभ्यासण्याजोगा डाव कोणता, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर स्पष्ट आहे: तयारी पक्की असेल तर जिंकायलाच जावे, आणि त्यासाठी ऑक्टोबर २००८ मध्ये बॉन येथे झालेल्या विश्वनाथन आनंद आणि रशियाचा व्लादिमीर क्रामनिक यांच्या जगज्जेतेपद लढतीतला तिसरा डाव पटावर मांडून पाहावा.

संथ, तोलून-मापून खेळायच्या स्थितीत क्रामनिकला हरवणे फार कठीण होते, म्हणून काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या आनंदने सेमी-स्लाव्ह बचाव या ओपनिंगमधला मेरान हा स्फोटक प्रकार निवडला. १४व्या खेळीला उंट बी-७ वर (म्हणजे बी या उभ्या पट्टीतल्या सातव्या घरात) आणून त्याने बी-५ वरचे प्यादे मरू दिले, किल्लेकोट (राजाला हत्तीच्या आड सुरक्षित नेण्याची खेळी) केलाच नाही आणि मोकळ्या जी पट्टीवरून हत्ती थेट जी-४ पर्यंत पुढे काढला. २४व्या खेळीपर्यंत पांढऱ्याकडे दोन प्यादी जास्त होती, शिवाय ए आणि बी पट्ट्यांवरची त्याची प्यादी मोकळी सुटलेली, म्हणजे समोर अडवणारे काळे प्यादे नसलेली होती. नुसती मोजदाद केली तर काळा हरतो आहे असेच कुणालाही वाटावे.

इथे आनंदची २५वी खेळी जरूर थांबून पाहा. दोन्ही वजीर पटावर असताना त्याने आपला राजा जी-७ वरून एच-६ वर नेला. वरकरणी धाडसी वाटणाऱ्या या खेळीने जी पट्टी रिकामी झाली, पुढच्याच खेळीला हत्ती जी-८ वर आला आणि उघड्यावर पडलेल्या पांढऱ्या राजाला वजिराच्या बाजूकडे पळ काढावा लागला. मला हा संपूर्ण डावाचा गाभा वाटतो. ४१व्या खेळीला उंटाने बी-१ वर शह दिला आणि क्रामनिकने डाव सोडला.

पाचव्या डावात क्रामनिक पुन्हा त्याच वाटेने आला, तेव्हा आनंदने १५व्या खेळीला क्रम बदलून हत्ती आधीच जी-८ वर आणला. २९व्या खेळीला क्रामनिकने घोड्याने डी-४ वरचे प्यादे मारले. पण ३४व्या खेळीला आनंदने ई-३ वर घोड्याचा बळी दिला आणि तो घोडा मारताच काळे प्यादे ई-३ वर पोहोचून अडवता न येणारे झाले. दोन्ही डाव लागोपाठ, संगणक बंद ठेवून खेळून पाहावेत.